चित्र लहान छापले की फटकारे हरवतात

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे ‘ऑलिव्हची झाडे’ छापले, याचे स्वागत. खाली मात्र ‘वेडाच्या भरात पिळवटलेली झाडे’ अशी ओळ टाकली आहे. असे वाटण्यात चित्रकारापेक्षा छपाईचा हात मोठा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधला मूळ कॅनव्हास साधारण ७३ बाय ९१ सेंटिमीटरचा. पुरवणीत तो जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद झाला, म्हणजे दहापट लहान. मुळात एक सेंटिमीटर रुंद असलेला कुंचल्याचा फटकारा छापील चित्रात एक मिलिमीटरवर येतो, शेजारच्यात मिसळतो आणि उरतो नुसता भोवरा. सगळी झाडे घेरी आल्यासारखी दिसू लागतात ती इथे.

हे चित्र जून १८८९ मधले. मे महिन्यात व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधल्या सँ रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला, जूनमध्ये बाहेरच्या बागांत जाऊन रंगवू लागला. जुलैच्या मध्यास झटका आला तेव्हा रंगकाम कित्येक आठवडे थांबले. म्हणजे ही झाडे तब्येत बरी असतानाची आहेत. शिवाय जुन्या ऑलिव्हचे खोड खरोखरच पीळ पडलेले, पोकळ, गाठीगाठींचे असते. मांडणीत आपण अतिशयोक्ती केली आहे, रेषा जुन्या लाकडी ठशांतल्यासारख्या वळवल्या आहेत, हे त्याने सप्टेंबरमध्ये भाऊ थिओला लिहिलेही होते. कुठे किती वाढवले हे ज्याला नेमके सांगता येते, त्याच्या चित्राला ‘वेडाचा भर’ म्हणणे अन्यायाचे आहे.

असे चित्र पाहण्याची एक सोपी रीत आहे. आधी तीन मीटर मागे उभे राहावे आणि डोळे किलकिले करावेत. बारकावे पुसले जातात, फिकट-गडदाचे मोठे तुकडे तेवढे राहतात. मग अर्ध्या मीटरवर यावे आणि फक्त फटकाऱ्यांची दिशा पाहावी. खोडावर ते वाढीच्या दिशेने वर चढतात, पालवीत आखूड आणि वाकडे होतात, जमिनीवर लाटांसारखे आडवे पसरतात, डोंगरात उताराबरोबर वळतात. दिशा बदलली की वस्तू बदलली. शेवटी एका बाजूला सरकून तिरपे पाहावे, म्हणजे रंगाच्या जाड थरांच्या कडांवर उजेड पडतो आणि कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला हे कळते. ही शेवटची पायरी फोनच्या पडद्यावर जमत नाही. पडदा स्वतःच उजळतो, त्यामुळे थराची सावली दिसत नाही आणि रंगही जास्त भडक भासतात.

त्याच काळातला फ्रेंच चित्रकार सेझान याच्याशी तुलना केली तर फरक पटकन कळतो. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातल्या, १८८७ च्या सुमाराच्या त्याच्या चित्रात पाइनच्या फांद्या मागच्या सँत-व्हिक्त्वार डोंगराची कड जवळजवळ गिरवतात. पण तिरपे समांतर फटकारे पाने, शेत, आकाश यांत फारसा भेद करत नाहीत. सगळे एकाच विणीत बसवले जाते. व्हॅन गॉग प्रत्येक वस्तूला वेगळी वीण देतो. दोघेही उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) म्हणवले जातात, तरी झाड उभे करण्याच्या या दोन पद्धती एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत.

रंगांचे सांगायचे तर ऑलिव्हच्या पानाची वरची बाजू गडद हिरवी आणि खालची रुपेरी असते, त्यामुळे वाऱ्यात झाडाचा रंग सतत पालटतो. एकाच हिरव्याने ते रंगत नाही. हे किती अवघड आहे ते व्हॅन गॉगने पत्रात लिहिले होते: झाडे कधी निळसर, कधी हिरवट, कधी कांस्यवर्णी, जमीन पिवळी, गुलाबी, जांभळट, नारिंगी. नक्कल करणारे विद्यार्थी इथेच अडकतात. हिरव्यात काळा घालून सावली करतात आणि झाड मळकट होते. सावलीकडे निळा, उजेडाकडे पिवळसर पांढरा, असे वेगवेगळे फटकारे शेजारी ठेवावेत आणि रंग पॅलेटवर फार घोटू नयेत.

आज दिसतो तो रंग मूळचाच, असेही नाही. त्याने वापरलेला, इओसिन या कृत्रिम रंजकापासून केलेला लाल रंग उजेडाने उडतो. त्यामुळे गुलाबी पांढरट होतो आणि जांभळा निळा. १८९० च्या ‘आयरिस’ फुलांच्या दोन चित्रांत हे स्पष्ट झाले आहे, ऑलिव्हच्या मालिकेतही काही ठिकाणी तसेच घडले आहे. काळ रंग मऊ करणारच, म्हणून ते धीटपणे कच्चे वापरावेत, हे त्याने १८८८ मध्येच लिहून ठेवले होते. तेव्हा ‘थंड, उदास निळा’ असे काही म्हणण्याआधी थोडे थांबलेले बरे.

एक विनंती. पुढे असे चित्र छापाल तेव्हा ओळीत माप, माध्यम, वर्ष आणि संग्रहालय द्यावे. आणि पूर्ण चित्राशेजारी त्यातला १० सेंटिमीटरचा एक चौकोन मूळ आकारात छापावा. तेवढ्या जागेत खोडाची एक बाजू आणि थोडी पालवी सहज बसते. वाचकाने त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फटकाऱ्यांच्या दिशेचे बाण काढून पाहावेत. अर्ध्या तासाचे काम आहे.

आपला,
एक चित्रकला शिक्षक