घासलेल्या नाण्याची किंमत घसरते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एका जुन्या नाण्याला लिलावात मिळालेल्या किमतीची चौकट आपल्या पुरवणीत वाचली. बॉस्टनला १६५२ साली पाडलेलं तीन पेन्सचं नाणं, नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ लाख २० हजार डॉलरला गेलं. म्हणजे तेव्हाच्या दराने आपले एकवीस कोटी. शेवटी आपण लिहिलंत, ‘तुमच्याही घरातली जुनी नाणी शोधा.’ आमच्या विट्यात लोकांनी ती शोधली, आणि पहिलं काम काय केलं, तर घासली. कुणी चिंचेने, कुणी लिंबू-मिठाने, एकाने टूथपेस्ट लावून. मग लखलखीत करून माझ्याकडे आणली.

माझ्याकडे आणली, कारण मी गलाईवाला. उभी हयात कोईमतूरला सोनं-चांदी गाळण्यात गेली, आता गावी असतो. पोत्याने जुनी नाणी मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घातली आहेत. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा रुपया आला की वजन करायचं, ९१.६ टंच (शंभरात ९१.६ भाग शुद्ध चांदी) धरायचा, दिवसाच्या भावाने गुणायचं, संपलं. ते आमचं काम होतं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण या हिशेबाने ते बॉस्टनचं नाणं बघा. वजन १.१ ग्रॅम. तेव्हा मुशीत टाकलं असतं तर त्या वेळच्या भावाने चांदीचे शंभर रुपयांच्या आसपास आले असते. मग एकवीस कोटी कशाचे, हे त्या चौकटीत यायला हवं होतं.

बॉस्टनची ती टांकसाळ म्हणजे खरं तर गलाईचं दुकानच होतं. इंग्रजांच्या त्या वसाहतीत नाण्यांची चणचण. लोक स्पॅनिश रियाल वापरत, पण दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या टांकसाळीने चांदीत भेसळ केल्याचं उघड झालेलं, त्यामुळे कुणाचा कुणावर भरवसा नाही. मग जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोन चांदीकारांना काम दिलं. तुम्ही चांदी न्यायची, त्यांनी ती गाळून ९२.५ टंचाला आणायची, नाणी पाडायची आणि आपली घडणावळ कापून घ्यायची. शिलिंग, म्हणजे बारा पेन्सचं नाणं, ७२ ग्रेनचा, म्हणजे ४.६७ ग्रॅमचा ठेवला. इंग्लंडच्या शिलिंगपेक्षा मुद्दाम हलका, की तो जहाजात बसून बाहेर जाऊ नये. हुशार माणसं.

पहिल्या नाण्यांवर मात्र एका बाजूला ‘एन’ आणि ‘ई’ ही न्यू इंग्लंडची अक्षरं, दुसऱ्या बाजूला रोमन आकडा, बाकी सगळं कोरं. कडेची चांदी कातरून घेतली तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुकूम निघाला, की कडेने दुहेरी वर्तुळ आणि मध्ये झाड घाला. काही महिनेच पाडलेली ती कोरी नाणी आज दुर्मीळ आहेत, आणि त्यातलं हे तीन पेन्सचं खासगी हातात तर एवढं एकच. झाडवाली नाणी १६८२ पर्यंत निघाली, पण एक दोन पेन्सचं नाणं सोडलं तर सगळ्यांवर साल १६५२ च. १६५२ मध्ये इंग्लंडला राजा नव्हता आणि नाणी पाडणं हा राजाचा हक्क, म्हणून जुनं साल तसंच ठेवलं, असं एक कारण सांगतात. आपली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, तशीच आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण महाराजांनंतर शंभरावर वर्षं ती पाडली जात होती. साताऱ्या-सांगलीत मात्र विकायला येणारी प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या हातची’ असते!

आता प्रत ठरवण्याविषयी. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं, ७० म्हणजे निर्दोष. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली आणि १९८६ नंतर प्लॅस्टिकच्या बंद डबीत आकडा लिहून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. पण अमेरिकेच्या सुरुवातीच्या नाण्यांपाशी ही श्रेणी अडखळते. कनेक्टिकट राज्याची १७८५ ते १७८८ मधली तांब्याची नाणी घ्या. ठशांच्या तीनशेहून जास्त जोड्या, चकत्या ओबडधोबड, ठसे कच्चे. टांकसाळीतून नुकतं निघालेलं नाणंही चपटं दिसायचं. तेव्हा पारखी आधी बघतो, की हे झिजलंय की मुळात उठलंच नाही? झिजलेला उंचवटा हाताळून गुळगुळीत झालेला असतो. ठसाच बसला नसेल तर तिथे मूळ चकतीचा खरखरीतपणा, ओरखडे तसेच राहतात. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं अर्धी बाहेर. ती झीज नव्हे. भिंग घेऊन बघा, समजतं.

आणि घासलेलं नाणं? तांब्यावरची तपकिरी-हिरवट साय आंबटाने जाते, खाली गुलाबी तांबं उघडं पडतं. पितळी समई घासावी तसं नाणं घासायचं नसतं. अशा नाण्याला तिकडे आकडाच देत नाहीत, नुसतं ‘घासलेलं’ असं लिहितात आणि किंमत पडते. कडी डाकून माळेत ओवलेल्या राणीछाप रुपयांचंही तेच. माळ म्हणून ती सुंदर, तोडू नका, पण नाणं म्हणून ते दुखावलेलं.

सगळ्यात मोलाची गोष्ट तर फुकट आहे. ते बॉस्टनचं नाणं अ‍ॅमस्टरडॅमला एका जुन्या कपाटात सापडलं, त्यासोबत एक नोंद होती: अनोळखी चांदीचं टोकन, क्विन्सी कुटुंबाकडून, बॉस्टन, डिसेंबर १७९८. लिहिणाऱ्याला ते काय आहे हेही ठाऊक नव्हतं. पण जॉन हलची बायको क्विन्सी घराण्यातली! एका ओळीने नाणं पाडणाऱ्याच्या सोयऱ्यांपर्यंत धागा जातो. म्हणून देव्हाऱ्यातलं नाणं कागदाच्या पुडीत ठेवा आणि वर लिहा, कुणाचं, कोणत्या गावचं, कधी आलं. देशभर पसरलेल्या आमच्या खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांनाही हेच सांगणं. गाळायला आलेल्या मालात वेगळं काही दिसलं तर मुशीआधी बाजूला काढा, गाव आणि तारीख लिहा.

कायद्याचंही छापा. शेतात नांगरताना दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा ‘अमेरिकेतलं गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणी फी भरा’ असे जे फोन सध्या आमच्याकडे येताहेत, त्यांना कुणी एक पैसाही देऊ नये.

आपला,
एक निवृत्त गलाई व्यावसायिक
विटा, जि. सांगली