तालुक्याच्या पाळकाला जोडीला उपदेशक हवेत

महोदय,

नाताळ जवळ आला की नागपूरच्या वृत्तपत्रांत चर्चची रोषणाई, कॅरोल आणि गव्हाणीचे देखावे यांची छायाचित्रे येतात. पण सण ज्याच्या गळ्यावर उभा असतो, त्या तालुक्याच्या गावच्या पाळकाच्या कामाविषयी कुठे ओळ दिसत नाही. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांपुरते, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांपुरते, हे पत्र आहे. दर रविवारी, दर गावी एकट्या पाळकानेच बोलावे, अशी आज सवय पडली आहे. ती पाळकाला दमवते, उपदेश पातळ करते आणि मेथडिस्ट परंपरेलाही धरून नाही.

पाळकाकडे सहसा तालुक्याच्या गावचे चर्च आणि आजूबाजूची दोन-तीन खेडी असतात. रविवारी सकाळी गावात भक्ती, दुपारनंतर खेड्यात दुसरी, आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थना. म्हणजे आठवड्याला तीन वेळा बोलणे आणि वर्षाला दीडशे. नाताळात २० डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत दहा-बारा संदेश सहज होतात, कारण ३१ तारखेची रात्रीची भक्ती आणि नववर्षाची कराराची भक्ती, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा उच्चारण्याची भक्ती, या दोन्ही मेथडिस्टांच्या खास जागा आहेत. पहिली कराराची भक्ती मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७५५ साली घेतली होती.

वीस मिनिटांच्या प्रामाणिक उपदेशाला आठ ते दहा तासांची तयारी लागते. आधी बायबलमधला उतारा मोठ्याने वाचायचा, मागचा-पुढचा अध्यायही वाचायचा, कोण कुणाला आणि का बोलतो आहे ते पाहायचे. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारे पुस्तक, त्यानंतर उघडायचा. आधी उघडला की उपदेश दुसऱ्याच्या डोक्याने चालतो. मग सांगायची गोष्ट एका वाक्यात लिहायची. ते वाक्य जमत नसेल तर उपदेश अजून तयार नाही. गुरुवारी सगळे लिहून काढावे, शुक्रवारी घड्याळ लावून मोठ्याने म्हणावे आणि कापावे. संथ मराठीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे वीस मिनिटांना दोन हजारांच्या थोडे वर. पुष्कळ पाळक तीन हजार शब्द घेऊन उभे राहतात. वेळ संपत आला की ते घाई करतात, आणि ऐकणाऱ्याने घरी जाऊन काय करायचे, हा शेवटचा भागच गिळला जातो.

आठवडा मात्र असा सरळ जात नाही. मृत्यूची खबर आली की विदर्भाच्या उन्हाळ्यात माती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी द्यावी लागते. घरच्यांजवळ बसणे, नावे-नाती तपासून घेणे, दफनाचा संदेश, नंतरची भेट यांत गुरुवार-शुक्रवार संपतात. लग्न असेल तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंदी आणि साक्षीदार सांभाळायचे, विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत उरकायचा. मग शनिवारी रात्री जुनी वही निघते, नाही तर इंटरनेटवरचा परदेशी उपदेश मराठीत उतरवला जातो. ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. काटोल-उमरेडकडच्या शेतकऱ्याला बर्फाच्या वादळाचे उदाहरण सांगून त्याच्या घरात काय पोहोचणार?

येशूचा पेरणाऱ्याचा दाखला घ्या: काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जमिनीत, काही चांगल्या मातीत. आपला शेतकरी तिफणीने पेरतो, सरकी टोबतो. बी वाटेवर पडलेच कसे, हा त्याचा पहिला आणि रास्त प्रश्न असतो. पालेस्टाइनमध्ये बी मुठीने फेकून पेरत आणि पायवाटा शेतातूनच जात, हे दोन वाक्यांत सांगितले की दाखला उलगडतो. खडकाळ जमिनीविषयी तर त्याला काही समजवावे लागत नाही. बरड रानात पहिल्या पावसावर उगवलेले रोप उघाडीत कसे वाळते, ते त्याने पाहिले आहे. पण हाच उतारा जूनच्या अखेरीस घेतला आणि समोर दुबार पेरणीचे संकट आलेली घरे बसली असली, तर 'तुमची जमीन कच्ची' असा सूर चुकूनही लागता कामा नये. त्या रविवारी दाखल्यातला पेरणारा मध्ये आणावा, जो बी वाया जाताना पाहूनही पेरतच राहतो. कोणत्या रविवारी कोणते बोलावे हे पुस्तकात सापडत नाही, घरोघर फिरून कळते. ज्याला फिरायला वेळच उरत नाही, तो पाळक हे कुठून आणणार?

आवाजाची बाबही लहान नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की भक्ती सकाळी लवकर ठेवतात, तरी कूलर चालूच असतो. त्याच्या घरघरीत वाक्याचा शेवट बुडतो, म्हणून क्रियापदावर आवाज खाली टाकू नये. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला तर ओरडण्यापेक्षा थांबून एक गीत घ्यावे. दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे माईक जवळ आणि बोलणे सावकाश हवे.

आता परंपरेकडे. थॉमस मॅक्सफिल्ड हा पाळकपदाची दीक्षा न घेतलेला माणूस लंडनमध्ये उपदेश करू लागला, तेव्हा वेस्ली चिडून परतला होता. त्याच्या आईने, सुझॅनाने, आधी त्याचे ऐकून घे असे सांगितले. वेस्लीने ऐकले आणि त्याला करू दिले. १७७१ साली त्याने मेरी बोझँकेट या स्त्रीच्या उपदेशालाही मान्यता दिली. ब्रिटनमधल्या मेथडिस्ट मंडळ्या आजही तिमाही तक्त्यावर चालतात: एका बाजूला चर्चची नावे, वर रविवारच्या तारखा, चौकोनात उपदेशकाचे नाव, आणि त्यांतले कितीतरी उपदेशक शिक्षक, कारकून, शेतकरी असे असतात. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले, अमेरिकन परंपरेचे बाहेर राहिले. स्थानिक उपदेशक, म्हणजे दीक्षा न घेता उपदेश करणारे मंडळीतलेच लोक, हा वारसा मात्र दोघांचाही आहे.

माझी मागणी एवढीच की प्रत्येक पाळकाच्या हाताखाली तीन-चार स्थानिक उपदेशक तयार व्हावेत, त्यांत स्त्रियाही असाव्यात. घरोघरच्या प्रार्थना पुष्कळ ठिकाणी त्याच चालवतात. सुरुवातीला तीन महिने फक्त शास्त्रपाठ वाचायला द्यावा. उतारा नीट वाचता येत नसेल त्याला उपदेश जमणार नाही. मग घरच्या प्रार्थनेत पाच मिनिटे, नंतर खेड्यात बारा मिनिटे. पाळकाने त्याच संध्याकाळी दोनच दुरुस्त्या सांगाव्यात, दहा सांगितल्या तर माणूस पुन्हा उभा राहत नाही. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा दीक्षित पाळकाकडेच राहतील, म्हणून तक्त्यात प्रत्येक खेड्याला महिन्यातून एकदा पाळकाचे नाव हवेच. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या भक्तीत येशूने क्रुसावरून उच्चारलेली सात वचने असतात. ती सात जणांना महिनाभर आधी वाटून द्यावीत, प्रत्येकाला बारा मिनिटे, मध्ये गीत आणि प्रार्थना.

आणखी एक वही ठेवावी. आमच्यात नेमणूक मंडळी करत नाही, बिशप कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पाळक व प्रतिनिधींच्या सभेत, ती जाहीर करतात आणि काही वर्षांनी पाळकाची बदली होते. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या उताऱ्यावर कोण बोलले याची नोंद चर्चच्या कपाटात असली, तर नवा पाळक आल्या आल्या पुन्हा उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरच बोलणार नाही. मंडळीला बायबलमधली आमोस आणि याकोबाचे पत्र ही कमी ऐकलेली पुस्तकेही ऐकायला मिळतील.

जानेवारीचा तक्ता नोव्हेंबरअखेर तयार करून चर्चच्या दारावर लावावा. खेड्यात जाणाऱ्या उपदेशकाचे बसभाडे किंवा पेट्रोलचे पैसे मंडळीच्या खात्यातून त्याच दिवशी द्यावेत. ते राहिले की तक्ता दुसऱ्या तिमाहीतच बंद पडतो.

— एक मेथडिस्ट वाचक, नागपूर