पडदे झिजले नाहीत, पण गिटार आयुष्यभर वाजली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ जूनला जागतिक संगीत दिन आहे. या सुमारास शहरात कुठल्या सभागृहात कोणाचं गाणं आहे, याच्या बातम्या आपण छापता आणि मी त्या आवर्जून वाचते. यंदा मात्र ज्यांचं नाव कधी कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत आलं नाही, अशा एका वादकाबद्दल लिहायचं आहे. ते माझे वडील. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते फिटर होते आणि १९६८ पासून शेवटच्या आजारपणापर्यंत हवाईयन गिटार वाजवत होते.

तेरवी आटोपली आणि घरात गिटारचं काय करायचं, हा विषय निघाला. तारा गंजल्या होत्या, एक खुंटी सैल झाली होती, म्हणून मी ती सीताबर्डीतल्या एका वाद्यांच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती खोळीतून काढली, मानेवरच्या पडद्यांवरून, म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, ही तर वापरलीच नाही. पडदे पाहा ना, जसेच्या तसे आहेत." मग म्हणाला, "वरची ही पट्टी काढून देतो, तारा खाली बसवतो, म्हणजे पोरं साधी स्पॅनिश गिटार म्हणून वाजवतील. नाहीतर आता हे कोण घेऊन राहिलं?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी गिटार तशीच घरी आणली. दुकानात मला त्याला उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

हवाईयन गिटारचे पडदे झिजतच नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. मानेच्या टोकाला एक उंच पट्टी बसवून तारा वर उचललेल्या असतात, त्यामुळे त्या पडद्यांना टेकत नाहीत. डाव्या हातात स्टीलचा बार धरायचा आणि तो तारांवर हलकेच ठेवून सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. पडदा फक्त जागा दाखवण्यापुरता. बार त्याच्या बरोबर वर आला पाहिजे, केसभर अलीकडे राहिला तरी सूर उतरतो. सतार शिकणाऱ्याला पडद्याचा आधार असतो, इथे सगळा भार कानावर. म्हणून बाबांच्या गिटारचे पडदे इतक्या वर्षांनीही कोरे आहेत. त्या दुकानदाराने गिटार उलटसुलट करून पाहिली असती, तर उजव्या मनगटाखाली पॉलिश पार उडून पांढरं लाकूड दिसतं, ते त्याला दिसलं असतं. कडेची काळी पट्टी तिथे बोटभर लांबीत गुळगुळीत होऊन गेली आहे. पाठीवर, जिथे ती मांडीवर टेकायची, तिथे दोन फिकट पट्टे पडले आहेत. वापरलेली गिटार म्हणजे अजून काय असतं?

मोतीबागच्या फिटरला हे वाद्य कुठून मिळालं, हे नागपूरकरांनी ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या शहराचाच इतिहास आहे. बेंगाल नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. पुढे १९५५ मध्ये तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, २००३ मध्ये आपला भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला. बाबा मात्र शेवटपर्यंत 'बीएनआर'च म्हणायचे. या रेल्वेचा कारभार कलकत्त्याहून चालायचा, त्यामुळे खरगपूरकडची, कलकत्त्याकडची माणसं बदलीवर इथे यायची. धंतोलीतली बंगाली मंडळींची दुर्गापूजा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसांनी नागपुरात आणलेली, पण कोणी लिहून न ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे ही गिटार. बंगालमध्ये तेव्हा घरोघरी मुलं-मुली हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत शिकायची. बाबांच्या विभागातले एक बाबू खरगपूरहून बदलून आले, ते पेटीसोबत गिटारही घेऊन. बाबा १९६५ मध्ये नोकरीला लागले होते. सुटी झाली की क्वार्टरवर न जाता ते बाबूंच्या ओसरीवर जाऊन बसायचे. तीन वर्षांनी बाबूंनी कलकत्त्याहून येताना त्यांच्यासाठी एक गिटार आणली, आणि बाबांनी तिचे पैसे पगारातून हप्त्याहप्त्याने फेडले. बार मात्र नागपूरचा. वर्कशॉपमधल्या टर्नर काकांनी स्टीलच्या तुकड्याचा लेथवर काढून दिला. एक टोक गोल, एक सपाट, आणि असा घोटलेला की त्यात तोंड दिसायचं. छोट्या रेल्वेचे, म्हणजे नॅरोगेजचे, डबे दुरुस्त करणाऱ्या हातांनी तो केला होता. ती छोटी लाइन गेली. नागपूर-छिंदवाडा २०१५ मध्ये बंद झाली. बार अजून आहे.

बाबांनी सगळ्यात आधी वाजवलं ते बंगाली गाणं. आमच्या घरात कोणालाच त्याचे शब्द कळायचे नाहीत, पण चाल सगळ्यांना पाठ. नंतर अभंग आले, भावगीतं आली, सिनेमाची गाणी तर आलीच. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांची रेडिओवर वाजणारी गिटार ऐकून ते सूर लावून घ्यायचे. ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर राग वाजवला, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबत त्यांची १९६७ ची रेकॉर्ड आली, ती बाबांनी इतकी ऐकली की तिची एक बाजू खरखरायला लागली. १९९४ मध्ये विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं, तेव्हा बाबांनी वर्कशॉपमध्ये संत्रा बर्फी वाटली होती. कोणी विचारलं, "का हो, मुलीचं लग्न जुळलं का?" तर म्हणाले, "नाही, आमच्या वाद्याला बक्षीस मिळालं."

आमचं वाद्य. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या तरुणाने गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला, असं सांगतात. १९४० च्या दशकात टाऊ मो हा तिथला कलावंत कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, त्याने तिथे वाजवलं, शिकवलं. ते वाद्य इतक्या दुरून येऊन आपल्याकडे एवढं का रुजलं, हे बाबा फार छान दाखवायचे. पेटीवर 'सा' दाबायचे, मग 'ग' दाबायचे, आणि विचारायचे, "मधली वाट कुठे आहे?" मग तेच दोन सूर बार सरकवून वाजवायचे. ती मधली वाट म्हणजे मींड, आणि आपल्या गाण्याचा जीव तिच्यात आहे. तारा ते सा-प-सा-ग-प-सा अशा लावायचे. लहानपणी मला पेटीपाशी बसवायचे आणि तार लागली की नाही ते मला विचारायचे. मी मान डोलावल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कानावर एवढा विश्वास कोण टाकतं?

रेल्वे क्वार्टरमध्ये दिवसा वाजवायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम होता. शेजारी गार्ड आणि ड्रायव्हर राहायचे, ते रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असत. गिटार निघायची ती जेवणं झाल्यावर. उन्हाळ्यात सगळी लाइन अंगणात खाटा टाकून झोपायची, पाणी शिंपडलेल्या जमिनीचा वास यायचा आणि बाबा पायरीवर बसून वाजवायचे. त्यांनी गिटारला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज लाउडस्पीकरकडे नेणारा भाग, लावून घेतला होता. त्याची वायर आमच्या जुन्या रेडिओला मागून ग्रामोफोनसाठी असलेल्या जागी जोडली की रेडिओचाच लाउडस्पीकर व्हायचा. गणपतीत बाबांसोबत रेडिओही मंडपात जायचा. ड्रायव्हरला ड्युटीसाठी उठवायला कॉलबॉय सायकलवर यायचा, तो आमच्या फाटकाशी पाय टेकून थांबायचा आणि गाणं संपल्यावरच पुढे जायचा. एखाद्या रात्री बाबा थकलेले असले की पलीकडच्या खाटेवरून आवाज यायचा, "काका, आज वाजवून नाही राहिले का?" आणि बाबा उठायचे.

नागपूरचा मे महिना या वाद्याचा वैरी. पंचेचाळीस अंशांत लाकूड सुकून आकसतं, जोड उकलतात. आणि कूलरची ओली हवा थेट लागली तर तेच लाकूड फुगतं. बाबा गिटार कूलरच्या खोलीत कधीच ठेवत नसत. मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, गोधडीत गुंडाळून ठेवायचे. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, कारण घामाने तार दोन दिवसांत काळी पडते. एवढ्या उन्हाळ्यांत त्या गिटारला एकही भेग गेलेली नाही. वर्कशॉपमधून आलेला माणूस हत्यारं जशी पुसून ठेवतो तशी ती पुसली गेली, म्हणून.

शेवटची काही वर्षं त्यांचा डावा हात थरथरायचा. या वाद्यात बार किंचित हलवून सुराला कंप द्यावा लागतो, तो शिकायला माणसाला वर्षं लागतात. बाबा म्हणायचे, "आधी कंप आणावा लागायचा, आता थांबवावा लागतो." आम्हाला वाटलं, आता सोडतील. त्यांनी सोडलं नाही. जलद गाणी बाजूला ठेवली आणि संथ अभंग घेतले. बार तारेवर ठेवल्यावर ते मनगट गिटारच्या कडेला टेकवून क्षणभर थांबायचे, हात स्थिर झाला की मगच तार छेडायचे. त्या थांबण्यामुळे त्यांचं वाजवणं आधीपेक्षा चांगलं झालं, हे मी मुलगी म्हणून नाही, ऐकणारी म्हणून लिहिते आहे. ज्याला हौस म्हणून बाजूला सारतात, ती ही हौस. पगार नाही, मानधन नाही, टाळ्याही क्वचित. तरी हात थरथरायला लागल्यावर माणूस वाजवण्याची नवी रीत शोधतो. याला साधना नाही तर काय म्हणायचं?

आता मुद्द्याचं. जागतिक संगीत दिन फ्रान्समध्ये १९८२ मध्ये सुरू झाला, तो मुळात हौशी माणसांसाठी. ज्याला जे येतं त्याने ते रस्त्यावर, चौकात, बागेत येऊन वाजवावं आणि ऐकणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, अशी ती कल्पना. आपल्याकडे मात्र त्या दिवशीही मंचावर नावाजलेले कलाकार आणि खुर्च्यांवर आपण. मोठ्यांचं गाणं जरूर व्हावं, मीही जाईन. पण देशपांडे सभागृहातल्या कार्यक्रमाइतकीच गरज आहे ती एखाद्या बागेत, धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कमध्ये म्हणा, संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवण्याची. मंच नको, पाहुणे नकोत, हारतुरे तर नकोच. बँकेतला कोणी बासरी वाजवतो, कोणी शिक्षिका सतार वाजवते, कोणी निवृत्त माणूस माऊथ ऑर्गन. त्यांनी यावं, वाजवावं. महापालिकेला यात खर्च जवळपास नाहीच, फक्त परवानगीची एक ओळ लागेल.

दुसरं, शहरातल्या संगीत विद्यालयांना विनंती. स्पॅनिश गिटारचे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि ते असावेत. पण मांडीवरची गिटार शिकवू शकणारी जी मोजकी वयस्कर मंडळी नागपुरात आहेत, त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलवा. त्यांचं वाजवणं मोबाइलवर का होईना, नीट ध्वनिमुद्रित करून ठेवा. बाबांचं माझ्याकडे आहे ते लग्नाच्या जुन्या कॅसेटमधलं, मागे भांड्यांच्या आवाजासकट. तेवढंच. आमच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी रविवारी माझ्याकडे येते. मला येतं तेवढं मी तिला दाखवते, तारा लावायला ती शिकली आहे. यापुढचं शिकवणारं कोणी हवं आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, कोणी विचारलं तर जरूर द्यावा.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अशी गिटार पडून असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मानेच्या टोकाची ती उंच पट्टी कोणालाही काढू देऊ नका, आणि वाजवणार नसाल तर तारा दोन-तीन पीळ सैल करून ठेवा, म्हणजे मान वाकणार नाही. बार सापडत नसेल तर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये पाहा. आमच्या घरी तो नेहमी तिथेच असायचा.

पत्र २१ जूनच्या आधी छापता आलं तर उपकार होतील.

आपली,
एका गिटारवादकाची मुलगी
मनीषनगर, नागपूर