वणव्याचा निरोप पाणी सोडणाऱ्यालाही मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी लागला की शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा या तालुक्यांतून वणव्याच्या बातम्या सुरू होतात. किती एकर गवत गेले, काजू-आंब्याच्या कुणाच्या बागा होरपळल्या, कुणाची गवताची गंजी पेटली, हे छापून येते आणि ते यायलाच हवे. पण आग विझली की विषय तिथेच संपतो. त्या डोंगराखालच्या ओढ्याचे, झऱ्याचे पुढे काय होते, याची विचारपूस होत नाही. माझी सारी नोकरी पाणी शुद्धीकरणात गेली. त्यामुळे डोंगर काळा दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायथ्याकडे जाते.

आग लागते त्या दिवशी पाण्याला फारसे काही होत नाही. खरा फटका बसतो तो वळवाच्या पहिल्या सरीला. जमिनीवरचा पाचोळा आणि गवत जळून गेलेले असते, माती उघडी पडलेली असते आणि वळीव तर आपल्याकडे ताशा बडवल्यासारखा पडतो. पावसाचे थेंब थेट मातीवर आपटतात. राखेचे बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरायच्या ऐवजी उतारावरून पळत सुटते आणि जाताना राख, कोळसा व वरची सुपीक माती घेऊन ओढ्यात उतरते. आग फार तीव्र असेल तर पानांतल्या मेणासारख्या पदार्थांची वाफ होऊन ती मातीच्या कणांवर गोठते आणि जमीन पाणी धरतच नाही. आपले वणवे बहुतेक गवत-पाचोळ्याचे, जमिनीलगत पळणारे असतात. परदेशातल्या जंगलांइतकी आपली जमीन तापत नाही, हे मान्य. पण तिकडे एखादा डोंगर कित्येक वर्षांनी जळतो, आपल्याकडे तोच उतार दरवर्षी जळतो. आणि त्यानंतर त्यावर सह्याद्रीचा पावसाळा कोसळतो. गगनबावड्यासारख्या ठिकाणी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे उघड्या उतारावर माती किती टिकणार?

मे महिन्यात एका वाडीवर वळवानंतर झऱ्याच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले होते. पाण्यावर कोळशाची भुकटी तरंगत होती, कडेला काळी रेघ धरली होती आणि तळाला बोटभर राखाडी साका. पाणी भरायला आलेली बाई म्हणाली, "दादा, चार दिस असंच येतंय. फडक्यानं गाळून घेतोय."

फडक्याने कोळसा गाळला जातो, बाकीचे गाळले जात नाही. पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्याची आम्हा फिल्टर हाऊसवाल्यांना सवय असते. तुरटीचा डोस वाढवला की गाळ गुठळ्या धरतो, खाली बसतो, पाणी निवळते. राखेचे पाणी तसे सरळ वागत नाही. ते निवळलेले दिसले तरी अर्धवट जळलेल्या पाल्याचा विरघळलेला अंश त्यात उरतो. पुढे क्लोरीन टाकले की तो अंशच आधी क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू मारायला फारसे काही उरत नाही. शिवाय राख अल्कधर्मी असते, म्हणून तर तिने भांडी घासतात. तिच्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढला की क्लोरीनचा जोर आणखी कमी होतो. मग डोस वाढवावा तर त्याच सेंद्रिय अंशाशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी आरोग्याला घातक संयुगे तयार होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळता १ एनटीयू (गढूळता मोजायचे एकक) असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर ५ चालेल, असे आहे. वळवानंतरच्या ओढ्यात ती कुठल्या कुठे जाते.

शहरात निदान फिल्टर हाऊस आहे. डोंगरातल्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर सायफनने आणलेले झऱ्याचे पाणी, एक टाकी आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, एवढाच कारभार असतो. जलसुरक्षक, म्हणजे गावचे पाणी सांभाळणारा कर्मचारी, नेहमीच्या मापाने पावडर टाकतो. राखेच्या पाण्यात तेवढी पावडर टाकीतच संपते. शेवटच्या नळाला ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते रंगावरून पाहणारी चाचणी, घेतली तर पिवळा रंग येत नाही. जुलाब-उलटीची साथ आली की सगळे गळक्या पाइपला दोष देतात. तो दोष असतोही, पण वर जळलेल्या डोंगराकडे कोणी बोट दाखवत नाही.

यावर हमखास ऐकू येते की राख म्हणजे खतच, पाण्यात गेली तर काय बिघडले? तिच्यातले पालाश आणि स्फुरद शेतात उपयोगी आहेत, यात शंका नाही. तेच ओढ्यात गेले की शेवाळ पोसते. पंचगंगेत सांडपाणी आणि शेतातली खते आधीच जलपर्णी माजवत आहेत, तो मोठा गुन्हा वणव्याच्या माथी मारायचा नाही. पण मे महिन्यात पात्रात पाणी कमी आणि कोमट असते, त्यात ऑक्सिजन मुळातच थोडा. अशा वेळी राख आणि पाला कुजत उतरला तर मासे तग धरत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या आगीनंतर पहिल्या पावसाने राख नदीत आली आणि न्यू साउथ वेल्समधल्या मॅक्ले नदीत मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्याच देशाची राजधानी कॅनबेरा. २००३ च्या जानेवारीत तिथले कॉटर खोरे जळाले, पावसाने राख-माती धरणात उतरली आणि तोवर फारशी प्रक्रिया न करता नळाला सोडले जाणारे पाणी तसे देता येईना. शेवटी माउंट स्ट्रोम्लोला नवे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागले.

कोल्हापूरकर म्हणतील, आता आमचे पाणी काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात येते, पंचगंगेशी आमचा संबंध काय? पण धरण भरते ते डोंगरावरूनच. राधानगरीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले. त्याच्या माथ्यावरचे दाजीपूरचे रान संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेले होते आणि १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले. ते रान उभे आहे तोवर धरणात येणारे पाणी आधी पाचोळ्यातून आणि मुळांतून गाळून येते. असा फिल्टर कुठल्याही नगरपालिकेला विकत घेता येणार नाही.

गुराख्यांना आणि धनगरांना सरसकट आरोपी करणे मला पटत नाही. जाळल्याने गवत चांगले येते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती समजावूनच जाईल. मसाई पठारावर विडी-सिगारेटचे थोटूक टाकणाऱ्या पर्यटकाला मात्र दंडच हवा.

माझी मागणी खर्चिक नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपते आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवते. ही सोय वन कर्मचाऱ्यांपुरती नाही, सामान्य नागरिकही नोंदणी करू शकतो. तो संदेश जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला, महापालिकेच्या जल अभियंत्याला, त्या भागातल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आणि जलसुरक्षकाला गेलाच पाहिजे. कुठल्या ओढ्याच्या डोक्यावरचा डोंगर जळाला, याची नोंद एप्रिलअखेर योजनेच्या टाकीवर लावलेली असावी. तिथे पहिला वळीव झाला की इनटेकचा (पाणी आत घेण्याच्या तोंडाचा) व्हॉल्व्ह बंद करून सुरुवातीचे काळे पाणी वॉशआउटने (निचऱ्याच्या तोंडाने) सोडून द्यावे, टाकी धुवावी आणि पाणी नितळ झाल्यावरच भरून घ्यावी. त्या आठवड्यात ओटी चाचणी रोज आणि शेवटच्या नळाला व्हावी. झऱ्यावरच्या जळक्या उतारावर मे महिन्यातच रोजगार हमीतून काटक्यांचे आणि दगडांचे आडवे बांध घालावेत, म्हणजे माती निदान तिथल्या तिथे अडेल. आणि वनविभाग दरवर्षी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, काढतोच, तर पुढच्या हंगामात पहिली जाळरेषा पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यांभोवती काढावी. कुठल्या वाडीचे पाणी कुठून येते, ते ग्रामपंचायतीला तोंडपाठ असते, फक्त तिला विचारायला हवे.

आपला,
पाणीपुरवठ्यातला एक निवृत्त कर्मचारी,
कोल्हापूर