प्रकल्पाचे गुण नव्या सॉफ्टवेअरला नकोत, चालत्या सॉफ्टवेअरला द्या

मा. संपादक,
स. न.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या वर्गांत फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) आले. खान्देशातल्या भौतिकशास्त्र व संगणक विभागांना खगोलशास्त्रीय माहितीचे विश्लेषण हा विषय त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याला स्वतःची दुर्बीण लागत नाही. ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाची आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. ती तपासणारी ॲस्ट्रोपाय, कासा ही सॉफ्टवेअरे ओपन सोर्स आहेत. तरीही बहुतेक ठिकाणी दर वर्षी प्रत्येक गट नवा प्रोग्राम लिहितो, तोंडी परीक्षा होते आणि कोड कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर पडून राहतो. आमचे म्हणणे असे की विभागाने एकच छोटी रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सामायिक भांडार) हाती घ्यावी, ती वर्षानुवर्षे चालवावी आणि गुण तिच्या दुरुस्तीला, चाचण्यांना (कोड बरोबर चालतो का हे पाहणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना) व तपासणीला द्यावेत.

परवान्याची फाइल पहिल्याच दिवशी टाकावी. परवाना नसलेला कोड गिटहबवर, म्हणजे रिपॉझिटरी ठेवण्याच्या वेबसाइटवर, सर्वांना दिसतो, पण वापरण्याचा हक्क कुणालाच मिळत नाही. ॲस्ट्रोपायचा तीन कलमी, मोजक्या अटींचा बीएसडी परवाना कॉलेजलाही पुरेसा आहे. मात्र जीपीएल परवान्याचा (पुढचा कोडही त्याच परवान्याने वाटा, अशी अट असलेला) कोड त्यात चिकटवून वर बीएसडीचे नाव लावता येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत घडलेल्या आयरॅफ या खगोल सॉफ्टवेअरमध्ये एका पाठ्यपुस्तकातला कोड शिरला होता. त्याचा परवाना मुक्त वाटपाला आड येत असल्याने पुढे स्वयंसेवकांना तो शोधून बदलावा लागला.

खरी मेहनत चाचण्यांत आहे. सीसीडी कॅमेऱ्याची प्रतिमा बहुधा १६ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या (० ते ६५५३५) पूर्णांकांची असते. फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रचलित फाइल प्रकारात तशा आकड्यांची सोय नाही, म्हणून प्रत्येक आकडा ३२७६८ ने कमी करून साठवतात आणि हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) बीझिरो या नावाने ती वजावट नोंदवतात. वाचताना ती नोंद पाळली नाही, तर काळे आकाश ऋण आकड्यांत येते. ती पाळली, पण बायसची (प्रकाश नसतानाही कॅमेरा देतो त्या मूळ आकड्याची) वजाबाकी त्याच चिन्हविरहित प्रकारात केली, तर १००० मधून १००३ गेल्यावर उणे ३ न येता ६५५३३ येतात. अंधारा पिक्सेल लख्ख तारा होतो आणि तारे मोजणारा प्रोग्राम तोही इमानाने मोजतो! वजाबाकीआधी आकडे फ्लोटमध्ये (दशांश व ऋण आकडे चालणाऱ्या प्रकारात) बदलले की काम भागते, एका ओळीचा उपाय. पण पुढच्या वर्षीचा कोणी ती ओळ ‘वेग वाढवण्यासाठी’ काढून टाकतो. तिथे चाचणी नापास झाली पाहिजे.

अशा चाचणीला खरी निरीक्षणे लागत नाहीत. ५० बाय ४० पिक्सेलची कृत्रिम प्रतिमा बनवावी आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या तेजाचा तारा ठेवावा. प्रतिमा मुद्दाम चौरस घेऊ नये. फिट्समध्ये पहिला अक्ष आडवा असतो, नमपाय या पायथनच्या गणिती पॅकेजमध्ये पहिला निर्देशांक ओळीचा. शिवाय फिट्सची मोजणी १ पासून सुरू होते, पायथनची ० पासून. चौरस प्रतिमेत अक्षांची अदलाबदल आकारावरून पकडली जात नाही. उत्तर ताडताना तंतोतंत बरोबरी न पाहता ठरावीक फरक चालवून घ्यावा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर शेवटचा दशांश बदलला तरी चाचणी नापास होते. वेळेचेही तसेच. भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांतला साडेपाच तासांचा घोळ लगेच डोळ्यांत भरतो, पण यूटीसी आणि टीटी (खगोलगणितात वापरायची एकसमान वेळ) यांतला सध्याचा ६९.१८४ सेकंदांचा फरक ग्रहणकारी ताऱ्याच्या (जोडीदार आड आल्याने ठरावीक वेळी मंदावणाऱ्या ताऱ्याच्या) नोंदीत गुपचूप मिसळून जातो.

मोठ्या फिट्स फाइली गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास राखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकू नयेत. नंतर खोडल्या तरी त्या इतिहासात राहतात आणि रिपॉझिटरीच्या प्रत्येक नव्या प्रतीबरोबर उतरतात. १०० एमबीच्या वरची फाइल तर गिटहब घेतच नाही. त्या झेनोडो या संशोधन-माहितीच्या मोफत संग्रहावर ठेवून डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) द्यावा. भारनियमन आणि मंद इंटरनेट असलेल्या लॅबसाठी पायथनची पॅकेजे एकदा ‘पिप डाउनलोड’ने सामायिक फोल्डरमध्ये घ्यावीत आणि सगळ्या मशीनवर तिथूनच बसवावीत. ॲस्ट्रोपायच्या मूळ कोडवर काम करायचे तर सी कंपायलर लागतो. विंडोजच्या लॅबमध्ये पहिला आठवडा बहुधा इथेच जातो, त्यापेक्षा लिनक्स घ्यावे.

सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी गिटहबची स्वयंचलित चाचणी फुकट आहे. ती दर बदलाला तर चालवावीच, पण दर आठवड्यालाही चालवावी, कारण आपण काही न बदलता आपला कोड ज्यांवर उभा आहे ती पॅकेजे बदलतात. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि आकड्यासोबत त्याचा प्रकारही छापू लागले. गणित बरोबर असूनही मार्गदर्शिकांमधली उदाहरणे चाचणीत नापास झाली. यात एक खाच आहे: ६० दिवस रिपॉझिटरीत हालचाल नसेल, तर गिटहब ही साप्ताहिक चाचणी आपोआप बंद करते. परीक्षा आणि उन्हाळी सुट्टी धरली की कॉलेजचे ६० दिवस सहज भरतात. जूनमध्ये ती आठवणीने पुन्हा सुरू करावी.

सगळ्यात जास्त प्रकल्प हस्तांतरणात मरतात. पॅकेज पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) टाकायला दोन टप्प्यांची ओळखपडताळणी लागते. ती एकाच विद्यार्थ्याच्या मोबाइलवर असेल, तर तो नोकरीला पुण्याला गेला की किल्लीही गेली. प्रकाशनाचे अधिकार किमान दोघांकडे हवेत आणि त्यांत एक कायम शिक्षक हवा. घड कापणीला येण्याआधीच केळीवाला पील (बुंध्याशी फुटलेला नवा कोंब) राखतो, तसे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जानेवारीतच दुसऱ्या वर्षातली दोन मुले तयार करावीत, आणि त्या वर्षीचे शेवटचे प्रकाशन त्यांच्याच हातून करवून घ्यावे.

गुणांबद्दल एक इशारा. ॲस्ट्रोपायसारख्या मोठ्या प्रकल्पात बदल स्वीकारला जाणे ही गुणांची अट करू नये. तिथली तपासणी स्वयंसेवक करतात, तिला कधी आठवडे लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये टी-शर्टच्या आमिषाने जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा (कोडमध्ये बदल घ्या, अशा विनंत्यांचा) पूर आला होता. गुणांच्या आमिषानेही तेच होईल. त्याऐवजी शंभरातले ३० गुण दोष पुन्हा घडवून दाखवणाऱ्या चाचणीला, ३० दुरुस्तीला, २० दुसऱ्याचा कोड तपासण्याला आणि उरलेले दस्तऐवज व बदलनोंदीला द्यावेत. ॲस्ट्रोपायमध्ये प्रत्येक बदलाची नोंद त्याच्या क्रमांकाच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतात. एकाच फाइलमध्ये सगळ्यांनी लिहिल्यावर होणारी टक्कर त्यामुळे टळते. ही पद्धत तशीच उचलावी.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासाला हमखास निघतो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याची १२०७ सालची ती नोंद आहे. पण मठ चालावा म्हणून दिलेली दानेही त्याच दगडावर कोरली आहेत, हे फार कुणी सांगत नाही. रिपॉझिटरीही तशाच तरतुदीवर चालेल, म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ती सांभाळणाऱ्या शिक्षकाला कार्यभारात आठवड्याला दोन तास लेखी मंजूर करावेत. बाकी खर्च जवळपास शून्य आहे.

आपले,
खगोल सॉफ्टवेअरवर काम करणारे काही वाचक
जळगाव व धुळे