उंदराचा जीन आणि माझ्या काउंटरवर आलेलं कात्रण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, 'उंदराच्या जीनमुळे मतिमंद मुलांना नवी आशा', सोबत फोटो. फोटो घुशीचा होता, हे आधी सांगून टाकतो. आमच्या देवगडकडे माडावर चढून कोवळे नारळ पाडतो तो उंदीर आणि खळं पोखरते ती घूस एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, आणि लॅबमध्ये वापरतात तो तर दोन्हीतला नव्हे, तो आपल्या घरात डब्यांच्या मागे खुडखुडणारा पिटुकला. असो, फोटोसाठी पत्र लिहीत नाहीये.

माझं छोटं मेडिकल आहे. सोमवारी एक आजी आल्या, नेहमीच्या गिऱ्हाईक, नातवाला फिट येतात त्याच्या गोळ्या महिन्याला घेऊन जातात. पोरगा पाच वर्षांचा झाला तरी आधाराशिवाय बसत नाही. ओपीडीच्या कागदांच्या पिशवीतून त्यांनी तुमचं कात्रण काढलं, नीट घडी करून ठेवलेलं, आणि म्हणाल्या, "दादानू, ह्यां औषध गावात (मिळेल) काय हो तुमच्याकडे? नायतर कोल्हापूरसून मागवन देवा." मी म्हटलं असलं औषध नाहीच आहे. त्यांना पटेना. "पेपरात इलाहा मा (आलंय ना)?" आता यावर काय बोलायचं ते तुम्हीच सांगा.

रात्री शटर ओढल्यावर बातमी परत वाचली, मग मोबाईलवर जमेल तेवढं वाचत बसलो (मी बी.फार्म. आहे, अगदीच अडाणी नाही). त्या जीनचं, म्हणजे जनुकाचं, नाव रीलिन. ही गोष्ट नवी नाहीच मुळी, १९५१ साली एडिंबराच्या डग्लस फाल्कनर यांनी एका जातीच्या उंदरांबद्दल लिहिलं, ती पिल्लं चालताना झोकांड्या खायची म्हणून त्यांना नाव पडलं रीलर. गंमत म्हणजे ते ज्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये छापून आलं ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले तेव्हा सोबत घेऊन आले आणि आज ते बंगळुरूहून निघतं. पुढे १९९५ मध्ये टॉम करन या शास्त्रज्ञाच्या गटाला तो जीन सापडला आणि त्याच्यावरून बनणाऱ्या प्रोटीनला नाव दिलं रीलिन.

ते करतं काय, तर मला आपली गणपतीतली एसटी आठवली. पहिले चढलेले दारातच उभे राहतात, मागून येणाऱ्यांनी त्यांच्यातून वाट काढत पुढे सरकायचं असतं आणि कंडक्टर ओरडत असतो, पुढे चला, पुढे चला. गर्भात मेंदूचा वरचा भाग साधारण असाच भरतो, नव्या पेशी आत खोलवर तयार होतात, आधी आलेल्या खाली थांबतात आणि नंतरच्या त्यांना ओलांडून वरच्या थरात जाऊन बसतात. वरच्या कडेला काही खास पेशी असतात त्या रीलिन सोडतात, म्हणजे तो कंडक्टर समजा. रीलर उंदरात हा कंडक्टरच नाही, त्यामुळे नंतर आलेले सगळे मागेच तुंबतात, थर जवळजवळ उलटेपालटे होतात आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू बारीकच राहतो, म्हणून त्या झोकांड्या.

आता तुमच्या बातमीत जे आलंच नाही ते. हा 'उंदराचा' जीन आपल्यातही आहे, उंदरात पाचव्या गुणसूत्रावर आणि माणसात सातव्यावर. २००० साली असं दिसून आलं की काही घरांतल्या मुलांत हाच जीन बिघडलेला होता, त्यांच्या मेंदूला नेहमीच्या वळ्या नीट पडलेल्या नव्हत्या, लहान मेंदू छोटा, फिट यायच्या, वाढ फार मागे. (उंदराचा मेंदू मुळातच गुळगुळीत, वजन अर्धा ग्रॅमही नाही, त्यामुळे वळ्यांचं उंदरात कळणारच नव्हतं, ते माणसातच बघावं लागलं.) पण हे पेशी जागेवर जाण्याचं बरंचसं काम आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत उरकलेलं असतं. एसटी डेपोत जाऊन लागल्यावर कंडक्टर पाठवून काय उपयोग? म्हणून जन्मानंतर थर परत लावून देईल असं औषध नाही, फिटच्या गोळ्या, फिजिओथेरपी, काळजी, बस. बातमीत 'आशा' होती पण हे वाक्य नव्हतं.

आणि खरं सांगण्यासारखं जे होतं तेच राहिलं. त्या आजींच्या सुनेला पाच वर्षं घरात ऐकून घ्यावं लागतंय की तिने ग्रहणात आडाळ्यावर (विळीवर) बसून फणस कापला म्हणून पोर असं झालं. माझ्याच काउंटरवर मी हे निदान तीनदा ऐकलंय आणि गप्प बसलोय, गिऱ्हाईकाशी कोण वाद घालणार. रीलिनच्या या आजारात आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या यायला लागतात, दोघंही स्वतः बहुतेक वेळा ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो, आणि अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. म्हणजे अर्धं बापाकडून. फणसाचा, ग्रहणाचा, आडाळ्याचा काही संबंध नाही. या पोराला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, वाढ मागे राहण्याची कारणं ढीगभर असतात आणि त्याची जीनची तपासणी कोणी केलेलीच नाही, मी आजींना तेवढंच सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलात जेनेटिक्सच्या डॉक्टरला एकदा दाखवा, निदान पुढच्या खेपेचं तरी विचारता येईल.

तर विनंती एवढीच, खुलासा छापा, आणि जेवढ्या टायपात ती आशा छापलीत तेवढ्याच टायपात. 'मतिमंद' शब्द काढा. फणसाचं आणि ग्रहणाचं जरूर लिहा. आजी महिन्याच्या शेवटी परत गोळ्यांना येतील, सून सोबत असते बऱ्याचदा, तेव्हा काउंटरवर ठेवायला दुसरं कात्रण मिळालं तर बरं होईल.

आपला,
एक मेडिकलवाला,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग