हळदीचा पहिला हात

कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम जय हरी.

त्या रात्री फोनवर तू विचारलंस, “ज्याच्या नावानं तुले पंगतीतून उठवलं, त्याच देवाले तू अजून हार कसा घालतं बे?” मी ‘मंग बोलतो’ म्हणून फोन ठेवला. उत्तर जवळ नव्हतं म्हणून ठेवला. फोनवर मला सुचतही नाही, समोरचा गप्प झाला की मी घाईनं काहीतरी बोलून जातो. म्हणून लिहायला बसलोय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही, अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन वीसेक दिवस झाले. पहिल्या वेचणीचा कापूस घरात आलाय, ओसरीत ढीग आहे आणि लहानी त्यावर लोळते म्हणून तिची आई ओरडते. तूर फुलावर आहे. बाकी गाव तू सोडलंस तसंच.

तुला मी माझं दुखणं तुकड्यातुकड्यानं सांगितलंय, सलग कधीच नाही. आज सांगतो.

सगळ्यात आधी पखवाज बिघडला असं मला वाटलं. शाईवर बोट पडायचं पण बोल खुलायचा नाही, आवाज बसका यायचा. मी पखवाज घेऊन वर्ध्याला गेलो, नवी शाई भरून आणली. तरी तेच. मग पोळ्याच्या आधी एक दिवस चुलीवरचा तवा मी हातानं सरकवला आणि तळहाताची कड भाजली. मला काही कळलं नाही, बायकोला वास आला. तिनं धावत येऊन माझा हात ओढला. कातडी पांढरी पडली होती आणि मी तिला विचारत होतो, काय झालं?

पुढच्याच महिन्यात आशाताई घरोघर तपासणीला आल्या. पाठीवरचा फिकट चट्टा त्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. पेनाचं टोक लावतो, जिथं कळेल तिथं बोट ठेवा, म्हणाले. मी ठेवत गेलो. डोळे उघडल्यावर त्यांनी सांगितलं की तीन जागी मी बोट ठेवलंच नाही. कोपराच्या मागची शीर त्यांनी मला माझ्याच हातानं चाचपायला लावली, दोरीसारखी जाड झाली होती. कुष्ठरोग.

बारा महिने गोळ्या घेतल्या. महिन्याचा पहिला डोस आशाताईंच्या समोर, बाकीचे रोज घरी. लघवी लाल व्हायची, अंगाचा रंग काळवंडला. मधे हाताची शीर सुजली तेव्हा सेवाग्रामला जाऊन वेगळ्या गोळ्या आणाव्या लागल्या. घरातल्या सगळ्यांना खबरदारी म्हणून एकेक डोस दिला. डॉक्टरांनी बायकोला बसवून समजावलं की औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत यांच्यापासून कोणाला लागण व्हायची भीती राहत नाही, आणि बहुतेक माणसांच्या अंगात हा रोग अडवायची ताकद असतेच. एवढं सगळं साधं, फुकट आणि हाताशी होतं. गावानं मात्र त्याला जुनंच नाव दिलं, महारोग.

आता सप्त्याचं सांगतो. तू ऐकलंस ते पंगतीचं. पंगतीचं मला तेवढं लागलं नाही रे. वाढणाऱ्या पोरानं माझ्यापुढची पत्रावळ उचलून ‘काका, तुमी तिकडं बसा, कडुलिंबाखाली’ म्हटलं. ते पोर होतं, त्याला कोणीतरी शिकवलेलं होतं. मी उठलो. वरण-रोडगे बायकोनं घरी आणून दिले. खरी गोष्ट त्याच्या आदल्या रात्रीची आहे.

त्या रात्री कीर्तनकार महाराज कर्मविपाकावर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले की महारोग हा गेल्या जन्मी देवाब्राह्मणाचा द्रोह केल्याचं फळ असतो, तो भोगूनच संपतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, त्यांना कदाचित माहीतही नसेल. पण चारशे डोळे माझ्याकडे वळले. पखवाज माझ्या मांडीवर होता. मी ठेका सोडला नाही. सव्वीस वर्षं त्या मंडपात वाजवलंय, हात आपोआप चालतात.

कीर्तन संपलं. तुला माहीत आहे, आपल्यात नंतर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा, जात-पात काही न बघता, माऊली माऊली म्हणत. लहानपणी आपल्याला तीच गंमत वाटायची, की ऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्या पायाला हात लावतो. मी आपल्या भजनी मंडळाच्या मुख्य माणसापुढे वाकलो. ज्यानं मला पहिला ‘धा’ शिकवला, ज्याच्या घरच्या दिव्याखाली मी दहावीचा अभ्यास केला, तो माणूस. त्यानं पाय मागे घेतले.

एक पाऊल. बस, तेवढंच. माझा हात सारवलेल्या जमिनीवर पडला. मी वर पाहिलं तर तो दुसरीकडे बघत होता आणि त्याच्या तोंडात ‘माऊली’ हा शब्द चालूच होता.

दुसऱ्या दिवशी पखवाज दुसऱ्याकडे गेला. मोठीची सोयरीक मोडली तीही त्याच पंधरवड्यात. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की तुमच्या घरावर देवाचा कोप आहे.

त्यानंतर चार महिने मी देवळाची पायरी चढलो नाही. तुला वाटत असेल की मी तेव्हाही देवाला धरूनच होतो, तसं नाही. घरातली विठ्ठलाची तसबीर मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. बायकोनं ती सरळ केली नाही, मला काही बोललीही नाही. रोज सकाळी तसबिरीच्या पाठीलाच गंध लावायची.

सेवाग्रामला तपासणीला गेलो की दवाखान्यातला नंबर लागेपर्यंत मी आश्रमात जाऊन बसायचो. तिथं परचुरे शास्त्रींची कुटी आहे. शाळेच्या सहलीत आपण ती पाहिली असणार, पण तेव्हा आपलं लक्ष पेरूंवर. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना हाच रोग झाला. १९३९ साली ते आश्रमाच्या दारात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतःच्या कुटीजवळ जागा दिली आणि रोज स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश केलं. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, बारा महिन्यांत बरं होण्याची गोष्टच नव्हती. त्या ओट्यावर बसून मी एकच विचार करायचो. या माणसाला सगळी शास्त्रं पाठ होती, कर्माचा सिद्धांत त्याला त्या कीर्तनकारापेक्षा शंभरपट जास्त ठाऊक असणार. रात्री एकटं पडल्यावर त्यानं स्वतःलाच किती वेळा विचारलं असेल, मी काय पाप केलं? आणि सकाळी एक माणूस येऊन काही न विचारता पाय चोळायला घेतो, तेव्हा त्या प्रश्नाचं काय होत असेल?

माझ्या प्रश्नाचं काय झालं ते सांगतो. आशाताई दर महिन्याला यायच्या, माझा हात हातात घ्यायच्या, बोटं एकेक करून सरळ करायला लावायच्या, चहा प्यायच्या. त्या बौद्ध वस्तीतल्या. घरात बाबासाहेबांचा फोटो, आमच्या विठोबाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मी एकदा भरून येऊन म्हणालो, ताई, तुमच्या रूपानं देवच येतो. त्या लगेच म्हणाल्या, “देव राहू द्या दादा, गोळी येळेवर घ्या.” त्यांना देवाचं नाव लावून घ्यायचं नव्हतं आणि मला ते लावायचा काही अधिकारही नव्हता. पण त्या दिवशी मी घरी तसबीर सरळ केली. का, ते मला पुरतं सांगता येणार नाही. एवढं कळलं की मंडपात मला जो देव दाखवला होता, चोपडी घेऊन बसलेला, गेल्या जन्माचं व्याज लावणारा, त्याला मी ओळखतच नव्हतो. माझी माय ज्याला माऊली म्हणायची त्याला ओळखत होतो. माय अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी चिडून म्हटलं होतं, देव तुले एवढा त्रास कायले देते? ती म्हणाली, “तो कायले देईन बाबू, तो तर माया उशाशी बसून रायते.” दुखणं कुठून आलं, हे तिनं कधी सांगितलं नाही. बसायला कोण आहे, तेवढं सांगितलं.

तू म्हणशील, मग हा जंतू कोणी केला? हॅन्सन नावाच्या डॉक्टरानं तो १८७३ साली नॉर्वेत शोधला, एवढं मला माहीत आहे. कोणी केला आणि का केला, ते मला माहीत नाही. इथं मी तुला काही खोटं समजावणार नाही.

पण तुझा प्रश्न जंतूचा नव्हताच. तो काकूंचा आहे, हे मला फोन ठेवतानाच कळलं होतं.

चोवीस वर्षं झाली. तुझ्या लग्नात हळदीच्या पाटावर तू बसला होतास. काकू वाटी घेऊन पुढे आल्या. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, पहिला हात सवाष्णीचा असतो. काकू थांबल्या, वाटी खाली ठेवली आणि आत जाऊन शेवयांच्या सुपापाशी बसल्या. त्या दिवसापासून तू देवळात गेला नाहीस. ते ‘कोणीतरी’ कोण होतं, हे तू इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. तुझी पाठ होती, म्हणून तुला दिसलं नसेल.

ते मी म्हणालो होतो.

मी गळ्यात माळ घातलेला, रोज हरिपाठ म्हणणारा, तुझा जिवाभावाचा मित्र. मला वाटलं मी रीत सांगतोय, तुझ्या संसाराचं भलं करतोय. माझ्या मनात काकूंबद्दल तसूभर वाईट नव्हतं. त्यांच्या हातच्या भाकरी खाऊन मी वाढलो आणि त्यांना मी त्यांच्याच पोराच्या पाटावरून मागे सारलं. मंडपात तो पाय मागे गेला ना, तेव्हा मला आधी राग आला नाही. आधी काकूंची ती जमिनीवर ठेवलेली वाटी दिसली.

मी चोखोबाचे अभंग किती वाजवले असतील, गणती नाही. मेहुणा राजाचा तो, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकूस बांधताना दरडीखाली गेला. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारात, पायरीपाशी. देऊळ त्याच्या लोकांना खुलं व्हायला १९४७ उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं त्याचे अभंग आत आणि त्याची माणसं बाहेर. आत गाणारे सगळे दुष्ट होते का? नसणार. माझ्यासारखेच असणार, डोळे मिटून तल्लीन झालेले. त्याची बायको सोयराबाई, तिनं तर तोंडावर विचारलं की विटाळाशिवाय जन्मलेला देह जगात आहे कुठं? तोही अभंग मी वाजवलाय. सम बरोबर गाठली. शब्द कानावरून गेले.

म्हणून पाय मागे घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा मला राग धरता येत नाही. लहानपणी गावाबाहेर नाल्याच्या काठी झोपडीत टाकलेला एक माणूस त्यानं पाहिलाय, लांबून भाकर फेकायला त्यालाच पाठवत असत, हे त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं. ती भीती त्याच्या पायात आहे. पण राग नाही म्हणजे तो चुकला नाही, असंही मी म्हणणार नाही. तो चुकला. मीही चुकलो. दोघांनीही देवाचं नाव घेऊन ते केलं, आणि देवाला त्यातलं काही नको होतं, याची मला आज माझ्या मायच्या शब्दाइतकी खात्री आहे. माझा विश्वास टिकला तो एवढ्यावर. तुझा टिकला नाही, त्यात माझा वाटा आहे. तू विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मी त्या पाटाजवळच गमावला.

देवळात मी अजून वाजवत नाही. संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसतो. सतरंजीवर कोणाशेजारी कोण बसलं हे तिथं कोणी बघत नाही, खंजिरी आहे, डाव्या हातानं धरून उजव्या हाताच्या तीन बोटांनी वाजते. पखवाजासारखी नाही वाजत.

मोठीचं पुन्हा जमलंय. मुलगा यवतमाळकडचा, कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. मी त्यांच्या घरी जाऊन आधीच माझा हात दाखवला, कागद दाखवले. मुलाची आजी म्हणाली, मंग काय झालं, बरा झाला ना? लग्न माघात आहे, तारीख निघाली की फोन करतो.

काकूंना घेऊन ये. त्यांना आधी हे पत्र वाचून दाखव, सगळं, मधलं काही गाळू नको. मग त्यांनी यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आल्या तर माझ्या पोरीच्या हळदीचा पहिला हात त्यांचा, बायकोशी माझं बोलणं झालंय, तिच्याही आधी. नाही आल्या तर मी पुण्याला येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवीन. त्यांनी पाय मागे घेतले तरी चालेल.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्ध्याला उतरलात तर मी गाडी घेऊन स्टेशनवर येतो. काकूंचे गुडघे दुखतात म्हणालास, एसटीच्या भानगडीत पडू नका. त्यांना आवडतं ते अंबाडीचं लोणचं घालून ठेवलंय.

तुझा,
तोच

ता. क. हे पत्र वाचून तुला काही दिवस माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही. नको बोलूस. तारखेच्या फोनला मात्र ‘हॅलो’ म्हण.